राखीव आणि राखलेले



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी लिहायला शिकलो, त्याच शाळेने मला आपल्या गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण करावे, याहून मोठा मान माझ्या वयाच्या माणसाला हवा तरी कशाला? निमंत्रण देताना चिटणीसांनी विषयाचे स्वातंत्र्य दिले होते. बखर-गद्यावर प्रबंध लिहिलेला हा माणूस बखरींवर नाही तर संतसाहित्यावर बोलेल, असा त्यांचा अंदाज असावा. मी 'रान' हा विषय कळवला तेव्हा त्यांना किंचित आश्चर्य वाटलेले मला दूरध्वनीवरही जाणवले. वनस्पतिशास्त्रात माझा अधिकार नाही हे आरंभीच कबूल करतो. परंतु या विषयाशी माझे एक जुने देणे अडकलेले आहे, आणि ते फेडायला याहून योग्य व्यासपीठ मला लाभणार नाही.

गुरुजी आम्हांला चित्रकला आणि शास्त्र असे दोन्ही विषय शिकवीत. डिसेंबर १९६४ मध्ये त्यांनी आमच्या वर्गाची सहल जांबोटीच्या पलीकडे, माझ्याच गावी नेली. गावाबाहेर रवळनाथाची राई होती. पाचएक एकरांचा तो तुकडा दुरून काळपट हिरवा दिसे आणि आत शिरताच उन्हाळ्यातही अंगावर गारवा येई. गुरवाने आम्हांला पायताणे बाहेर काढायला लावली आणि वाळले पानदेखील घरी न्यायचे नाही अशी ताकीद दिली. गुरुजींनी लाल पुठ्ठ्याची एक वही आणली होती. माझे अक्षर बरे म्हणून नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. गुरव झाड दाखवी, नाव सांगे, मी लिही आणि गुरुजी समासात पानाचे रेखाटन करीत. अंजनी, नाणा, किंजळ, सुरंगी, धूप, भेरली माड, उंबर, हिरडा, गारंबीचा वेल अशा एकूण ६४ नोंदी झाल्या. त्यांतली ३७ वी नोंद अपुरी राहिली. त्या झाडाचे नाव गुरवालाही आठवेना. गुरुजींनी पान रेखाटले, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह काढायला सांगितले आणि खाली लिहवून घेतले, 'गुरवाच्या आईस विचारणे.' ते विचारणे राहूनच गेले. ही वही गुरुजींच्या पश्चात त्यांच्या घरच्या मंडळींनी माझ्याकडे सोपवली. ती आज माझ्यासमोर या मेजावर आहे.

या वहीच्या आधारे मला एक प्रश्न विचारायचा आहे. सरकार एखादा भूभाग राखीव ठरवते, नकाशावर रेघ ओढते, कायदा करते. त्या रेघेच्या आत मूळची वनस्पतिसृष्टी खरोखरच टिकते का?

मराठीचा शिक्षक असल्याने मी शब्दांपासून सुरुवात करणार, हे आपण गृहीत धरले असेलच. आपल्याकडे झाडझाडोऱ्याच्या भूमीसाठी किती शब्द आहेत पाहा : रान, वन, राई, देवराई, माळ, सडा, कुरण. 'रान' हा 'अरण्य' याच शब्दाचा झिजून आलेला अवतार. पण देशावरच्या खेड्यात 'तो रानात गेलाय' असे म्हटले, तर तो शेतात गेला आहे असाच अर्थ होतो. म्हणजे रान आणि शेत यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांनी भिंत घातली नव्हती. 'जंगल' या शब्दाची कथा तर याहून गमतीची आहे. आयुर्वेदात 'जांगल' देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा, वाहत्या वाऱ्याचा प्रदेश. घनदाट, पाणथळ प्रदेशाला 'आनूप' म्हणत. जो शब्द एके काळी उघड्या माळाचा होता तो आज निबिड अरण्याचा झाला आहे. शब्दाचा अर्थ असा बदलला की भूमीकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. ज्या भूमीला कायद्याच्या भाषेत शब्दच नाही, तिचे रक्षण कायदा करू शकत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता इतिहास. आपल्या मुंबई इलाख्यात सरकारने जंगलासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला तो १८४७ मध्ये. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्यांचे नाव. त्यापूर्वी ते पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक होते. डॅल्झेल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेली 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ पुरा केला. हे कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. पूर्वी काय होते हे आज आपल्याला सांगता येते, ते या याद्यांमुळे. परंतु ज्या हातांनी याद्या केल्या त्याच हातांना सागाची मोजदादही करायची होती, हे विसरून चालणार नाही. आरमाराला साग हवा होता. नंतर आगगाडीला स्लीपर आणि इंजिनांना जळण हवे झाले. १८६५ चा कायदा आला, तो अपुरा वाटून १८७८ चा आला. त्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले. यांतले ग्रामवन बहुतांशी कागदावरच राहिले. राखीव जंगल मात्र विस्तारत गेले आणि कुमरी करणारा, गुरे चारणारा, पानपाचोळा आणणारा माणूस आपल्याच रानात गुन्हेगार ठरला.

या बदलाची सर्वांत बोचरी नोंद मराठीत महात्मा फुले यांनी केली. १८८३ मध्ये पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी दाखवून दिले की, थोड्या जमिनीचा शेतकरी पूर्वी रानातली फळे, फुले, पाने, लाकूडफाटा आणि चराई यांच्या आधाराने तग धरून राही. सरकारच्या जंगलखात्याने तोच आधार काढून घेतला. असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगलविषयक आयोग नेमावा लागला. 'असूड' आपण सामाजिक ग्रंथ म्हणून शिकवतो. मीही तीस वर्षे तसाच शिकवला. त्यातला हा रानाचा भाग मी वर्गात घाईने ओलांडत असे, हेही या निमित्ताने सांगून टाकतो.

याच्या उलट रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील झाडांविषयीचा उतारा आपण सर्वांनी कौतुकाने वाचलेला असतो. वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात तो वाचला जातो. १७१५-१६ च्या सुमाराचा हा ग्रंथ आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे ते सांगतो. साग वगैरे राज्यातल्या रानांतून परवानगीने तोडावे. आंबा-फणस मात्र तोडू नयेत, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय. उतारा थोर आहे यात शंका नाही. परंतु नीट वाचला तर तो जंगलाच्या रक्षणाचा नाही. रयतेच्या मालकीच्या झाडांच्या रक्षणाचा आहे. जुन्या ग्रंथांवर आपल्या आजच्या इच्छा लादू नयेत, अशी माझ्या विषयाची शिस्त सांगते.

राखीव जंगल म्हणजे नैसर्गिक वनस्पतींचे रक्षण, असा अर्थ १८७८ मध्ये कोणाच्याच मनात नव्हता. उत्पन्नासाठी राखून ठेवलेले ते जंगल. म्हणूनच आपल्या खानापूर तालुक्यात आणि खाली कारवारच्या बाजूला राखीव जंगलाच्या पोटातच मिश्र रान काढून सागाच्या सरळ रांगा लावल्या गेल्या. पुढच्या काळात नीलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. कागदावर जंगलाचे क्षेत्र तेवढेच राहिले, कदाचित वाढलेही. झाडे होती, पण ती मूळची नव्हती. दुरून पाहणाऱ्या डोळ्याला, आणि आता आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहालाही, हा फरक सहजासहजी कळत नाही.

खरे संरक्षण आले ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, असे आपण समजतो. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने हे शब्द त्यामुळेच आपल्या तोंडी रुळले. त्या आधीही अभयारण्ये होती. आपल्या शेजारी दाजीपूरचे १९५८ पासून आहे आणि ते कोल्हापूर संस्थानच्या शिकारीच्या राखीव रानातूनच उभे राहिले. पण १९७२ च्या कायद्यातील व्याख्या पाहा. 'वन्यजीव' म्हणजे प्राणी, मधमाश्या, फुलपाखरे, मासे इत्यादी. आणि जी वनस्पती एखाद्या अधिवासाचा भाग असेल ती. म्हणजे झाड आत आले ते वाघाचे घर म्हणून, झाड म्हणून नव्हे. वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण कायद्यात यायला १९९१ साल उजाडले. त्या वेळच्या सहाव्या अनुसूचीत अवघ्या सहा नोंदी होत्या : कुठ, घटपर्णी, निळा आणि तांबडा वँडा, लेडीज स्लिपर नावाची आमरे आणि आंध्रातला एक सायकस. आपल्या बाजूच्या सह्याद्रीतले एकही नाव त्यात नव्हते. ज्या नव्वदीच्या दशकात ही अनुसूची नवी होती, त्याच दशकात सह्याद्रीतून नरक्याची झाडे ट्रक भरभरून जात होती; त्याच्या लाकडातील द्रव्य कर्करोगावरच्या औषधासाठी परदेशी जाई. हरिणाला हात लावला असता तर गहजब झाला असता. नरक्या मुकाट्याने गेला.

वाघासाठी ओढलेल्या रेघेत झाडांना आसरा मिळत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. मिळतो, आणि पुष्कळ मिळतो. पण तो किती मिळतो हे मोजण्यात एक फसगत आहे. लुकास जोप्पा आणि अलेक्झांडर फाफ या दोन संशोधकांनी २००९ मध्ये १४७ देशांतील संरक्षित क्षेत्रे तपासली. त्यांना दिसले की ही क्षेत्रे प्रामुख्याने उंचावर, उतारावर, रस्त्यांपासून आणि शहरांपासून दूर आहेत. जिथे नांगर चालत नाही आणि गाडी पोहोचत नाही, तिथे रेघ ओढणे सोपे. साहजिकच रेघेच्या आत झाडे अधिक दिसतात. पण ती रेघेमुळे राहिली की डोंगरामुळे? सारख्या जमिनींशी सारख्या जमिनी ताडून पाहिल्या तर संरक्षणाचा गुण उरतो, मात्र आधी वाटला होता त्याहून कमी. इतिहासाचा विद्यार्थीही हेच सांगेल. भीमगड शिवाजी महाराजांनी राखला तो दुर्गम होता म्हणून. आणि आजचे अभयारण्य तिथेच आहे तेही बऱ्याच अंशी त्याच कारणासाठी.

भीमगडचा उल्लेख आलाच आहे तर आपल्याच दारचे उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातील सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले. म्हादई याच रानात, देगावच्या परिसरात उगम पावते. मलप्रभा जवळच्याच कणकुंबीला. इथल्या बारापेडे गुहांतील वटवाघूळ जगात फारच थोड्या ठिकाणी आढळते, आणि या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळवून देण्यात त्या चिमुकल्या प्राण्याचा मोठा वाटा आहे. सीमेपलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य बारा वर्षे आधीच, १९९९ मध्ये जाहीर झाले होते. त्या वेळी तिथे राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल होते जनरल जेकब, १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये त्यांच्याच काळात जाहीर झाली. लोकनियुक्त सरकार असते तर खाणींच्या त्या प्रदेशात हे कितपत घडले असते, याविषयी मला शंका आहे. आणि जे लोकांना न विचारता घडले त्याविषयी पुढे सत्तरीतल्या गावांत किती कटुता साचली, तेही खरे आहे. जानेवारी २०२० मध्ये त्याच अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ मृतावस्थेत सापडले; ते विषप्रयोगाने मेले होते. मार्च २०२३ मध्ये तिथल्या डोंगरांवर वणवे पेटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये हे क्षेत्र व्याघ्रप्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसरीकडे मोलेच्या अभयारण्यातून लोहमार्गाचे दुपदरीकरण करण्यास दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. रेघ नसती तर तो खटला कोणत्या आधारावर उभा राहिला असता? रेघेचे मोल मला तिथे कळले. ती झाड वाढवू शकत नाही. पण झाड तोडणाऱ्याला न्यायालयात उभे करू शकते.

आता रेघेचे दुसरे रूप. तीन ठिकाणे थोडक्यात सांगतो. राजस्थानात भरतपूरचे केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद करण्यात आली. विरोध झाला, गोळीबार झाला, त्यात काही ग्रामस्थ मेले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात काय आढळले? म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातले गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी आक्रसले आणि ज्या पक्ष्यांसाठी हे सारे केले त्यांचीच अडचण झाली. हिमालयातील फुलांच्या दरीत तसेच घडले. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, मेंढपाळांना मज्जाव झाला आणि अमेला नावाची उंच वनस्पती माजून नाजूक फुलझाडांना झाकू लागली. आपल्या जवळचे उदाहरण साताऱ्याच्या कासचे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. पर्यटकांपासून फुले वाचावीत म्हणून तिथे कुंपण घातले. त्याबरोबर गुरेही बाहेर राहिली. फुले विरळ होत आहेत, उंच गवत वाढते आहे, अशी तक्रार पुढे सुरू झाली आणि शेवटी कुंपण काढावे लागले.

यातून कोणी 'गुरे सोडा म्हणजे रान वाचेल' असा अर्थ काढू नये. दाट सदाहरित रानात गुरे शिरली तर रोपे उरत नाहीत. परंतु माळ, सडा, पाणथळ यांची गोष्ट वेगळी. कातळाचे सडे हेच पाहा. पावसाळ्याच्या अखेरीस तिथे गेंद, सीतेची आसवे, तेरडे यांचे गालिचे पसरतात. यांतल्या अनेक जाती जगात अन्यत्र नाहीत. पण महसुली दप्तरात सडा म्हणजे पडीक. झाड नाही म्हणून तो वन नाही, पीक नाही म्हणून शेत नाही. बॉक्साइटसाठी तो खणला, काजूसाठी सुरुंग लावून फोडला, तरी 'जंगलतोड' या शब्दात ते बसत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात 'वन' म्हणजे शब्दकोशात जो अर्थ आहे ते वन, मग मालकी कोणाचीही असो, असा निर्णय दिला. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने ती व्याप्ती आखडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाला अंतरिम आदेशाने पुन्हा तोच कोशातला अर्थ पाळायला सांगावे लागले. कोशाला न्यायासनावर इतका मान मिळालेला पाहून मराठीच्या शिक्षकाला आनंद होणे स्वाभाविक आहे. पण माझ्या मनात आले, ज्या कोशात 'वन' आहे त्याच कोशात 'सडा'ही आहे. त्याला कोण पाहणार?

आणि ज्याला कुठलीही रेघ अडवत नाही, असा एक पाहुणा आहे. अमेरिकेतून आलेले एक झुडूप आपल्या घाटात पसरले, त्याला आपल्या लोकांनी नाव दिले 'रानमोडी'. रान मोडते ती रानमोडी. याहून नेमका शब्द कोणत्याही शास्त्रीय परिभाषेत मला सापडला नाही. अभयारण्याच्या फलकाच्या अलीकडे आणि पलीकडे ती सारख्याच जोमाने वाढते.

आता राखलेल्या रानाकडे वळतो. देवराया हा आजकाल फार लाडका विषय झाला आहे. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून सुशिक्षितांचे तिकडे लक्ष गेले. सरकार, कायदा, पहारेकरी यांच्यावाचून केवळ देवाच्या धाकाने रानाचे तुकडे शतकानुशतके टिकले, ही गोष्ट खरी आहे. सत्तरी तालुक्यातील निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या कुळातील झाडे दलदलीत मुळे वर काढून उभी आहेत. अशा दलदली आता पश्चिम घाटात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रदेशांत उरल्या आहेत. कोडगूमध्ये देवराया आणि राखीव जंगल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रदेशनिष्ठ झाडे राखीव जंगलात अधिक आढळली, पण ज्यांच्या अस्तित्वालाच धोका आहे अशी झाडे देवरायांत अधिक आढळली. म्हणजे मोठ्या रानाने एक राखले, लहान राईने दुसरे. मात्र त्याच कोडगूत १९०५ ते १९८५ या ऐंशी वर्षांत देवरायांचे निम्म्याहून अधिक क्षेत्र नाहीसे झाले. देव तोच होता, आणि भक्तही उणे झाले नव्हते. मग राया गेल्या कुठे?

याचे उत्तर मला माझ्या घरातच मिळाले आहे. १९७८ मध्ये आमच्या गावी रवळनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला. कौलारू देऊळ उतरवून स्लॅबचे करायचे होते. कमिटीचे प्रमुख माझे वडील होते. पैसा कमी पडला, तेव्हा देवाची झाडे देवाच्याच कामी लागू देत असे ठरले. कौल लावला, कौल उजवा आला. कौल घेणाऱ्यांनाही देऊळ हवेच होते. मी त्या वेळी नुकताच महाविद्यालयात लागलो होतो. वर्गणीचे विनंतीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते मोठ्या उत्साहाने, अलंकारिक मराठीत लिहिले. 'श्रींच्या उपवनातील वृक्षराजी श्रींच्याच चरणी' असे एक वाक्य त्यात होते. मला ते त्या वेळी फार सुंदर वाटले होते. लाकूड व्यापाऱ्याने झाडांवर खुणा केल्या आणि महिनाभर करवती चालल्या. गावात कोणी विरोध केला नाही. गुरवाची म्हातारी आई तेवढी काही दिवस राईच्या वाटेवर बसून राही, असे नंतर कानावर आले.

पत्रकाची एक प्रत मी गुरुजींना पाठवली होती, वर्गणीसाठी नव्हे, भाषा पाहावी म्हणून. उत्तरादाखल काही महिन्यांनी कार्ड आले. त्यात भाषेविषयी एक अक्षर नव्हते. राई पाहून आलो, वहीतले अनुक्रमांक ७, ११, १९, २०, ४२ दिसले नाहीत, ३७ आहे, कुशल असावे, एवढाच मजकूर. मी त्या कार्डाला उत्तर दिले नाही. पुढे भेटी झाल्या, सत्कारसमारंभ झाले. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. ते गेले तेव्हा मी परगावी होतो.

डिसेंबर २०२३ मध्ये मी ही वही घेऊन पुन्हा गेलो. सोबत वनस्पतिशास्त्र शिकवणारे माझे दोन जुने विद्यार्थी होते. गुडघ्यांनी फार साथ दिली नाही; पुष्कळसे त्यांनीच पाहिले आणि मला येऊन सांगितले. याला संशोधन म्हणू नये, एका म्हाताऱ्याची पडताळणी म्हणावी. राई आता दीड एकराची आहे आणि तिच्या एका अंगाला देवळाच्या सभागृहाची पत्र्याची शेड आहे. वहीतल्या निम्म्याहून थोड्या अधिक नोंदी सापडल्या. मोठी झाडे आहेत, पण त्यांच्याखाली त्यांची पोरे नाहीत; शेळ्या आणि झाडलोट यांनी जमीन उघडी पडली आहे. आजचे वृक्ष पडले की त्या जागा रिकाम्याच राहणार, असे दोघांचे मत पडले. राईला लागून असलेल्या राखीव जंगलात साग आणि बाभूळ यांच्या रांगा आहेत, खाली रानमोडी. तिथे वहीतली नावे अगदी तुरळक मिळाली. तिसऱ्या दिवशी रीतसर परवानगी काढून आम्ही अभयारण्याच्या हद्दीतील एका घळीत गेलो. तिथे मात्र वहीतली बहुतेक झाडे होती, धूप होता, सुरंगी होती, आणि खाली पायघोळ रोपांची दाटी होती. १९७८ मध्ये आमच्या राईतून गेलेला अनुक्रमांक ११ तिथे उभा होता. सरकारच्या रेघेविषयी इतके प्रश्न मनात घेऊन गेलेला मी त्या झाडाखाली बराच वेळ बसून राहिलो.

परतताना मात्र त्याच घळीच्या तोंडाशी असलेल्या वाडीत चहा झाला. घरधन्याने विचारले, 'सर, आम्हांला इथून उठवणार म्हणतात, तुम्ही काय ऐकलंत?' त्याच्या पडवीत हिरड्याची पोती होती, परसात भिरंडाचे झाड होते. घळीतला धूप कोणी तोडू नये म्हणून त्याच्या आज्यापासून घरचे लोक लक्ष ठेवीत आले, असे त्याने सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा माणसाला हक्क मान्य केले आहेत, परंतु त्याचा दावा अनेक वर्षे कुठल्या तरी टेबलावर पडून आहे. ती घळ रेघेने राखली, डोंगराने राखली की या घराने राखली, याचा निवाडा माझ्याच्याने झाला नाही. तिघांनी मिळून राखली असावी. मग तिघांपैकी एकाला उठवून उरलेले दोघे पुरतील असे ज्यांना वाटते, त्यांनी भरतपूरच्या म्हशी आठवाव्यात.

पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले. जुलै २०२४ मध्ये संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. त्या मसुद्यांतील गावांच्या याद्या मी चाळल्या. गावांची नावे आहेत, राज्य आणि तालुका आहे. राईंची नावे नाहीत, ती असण्याचे तिथे कारणही नाही. राईची यादी गावानेच करायची असते. आपल्या या शाळेत आजही त्या पट्ट्यातली मुले शिकायला येतात. शास्त्राचे शिक्षक आणि ही मुले मिळून आपापल्या गावची राई, सडा, कुरण यांची वही करू शकतील. मुख्याध्यापकांशी माझे तसे बोलणे झाले असून येत्या डिसेंबरात पहिली सहल न्यायची ठरली आहे.

अनुक्रमांक ३७ विषयी सांगायचे राहिले. ते झाड राईत आहे, गुरुजींनी काढलेल्या रेखाटनाशी त्याचे पान तंतोतंत जुळते. माझ्या विद्यार्थ्यांनी त्याचे शास्त्रीय नाव मला लिहून दिले आहे आणि ते मी वहीत पेन्सिलीने नोंदवले आहे. गावातले नाव आम्ही घरोघर विचारले. गुरवाचे घर आता पुण्याला असते. त्याच्या नातवाशी दूरध्वनीवर बोललो, त्याला ठाऊक नव्हते. प्रश्नचिन्ह खोडलेले नाही.

ही वही मी आज शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. सोबत गुरुजींचे ते कार्ड आणि माझे १९७८ चे विनंतीपत्रकही ठेवले आहे.